डाव्या हाताचा घास

लोणावळा,
१४ जुलै २०२५

ति. अनिताताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनातच घालतो आहे, कारण मला प्रत्यक्ष वाकवायचं तर दोन माणसं लागतात.

पत्र बघून दचकू नकोस. हे पत्र म्हणजे माझा गृहपाठ आहे. इथल्या पुनर्वसन केंद्रात हातांचे व्यायाम घेणाऱ्या अनुष्का मॅडमनी रोज थोडं तरी लिहायचं असं फर्मान काढलंय. उजव्या तळहाताला पट्टा बांधतात, त्यात पेन खोचतात आणि मी खांद्यापासून अख्खा हात सरकवून लिहितो. बोटं यात काहीच करत नाहीत, बाहेर बसून मजा बघतात. कुणाला तरी लिहा म्हणजे मन लागेल, असं मॅडम म्हणाल्या. माझी चिडचिड फुकट ऐकून घेणारं तुझ्याशिवाय आहे कोण?

शिवाय फोनवर बोलण्यात अर्थ नाही. फोन आई माझ्या कानाला लावते आणि स्वतःचा कानही तिथेच लावते. त्यामुळे 'बरं आहे, जेवलो' याच्या पुढे मी जातच नाही. बरं नाहीये, ताई. फेब्रुवारीत पेंढ्याच्या गंजीवरून पडलो आणि मान मोडली. पाय गेले, ते मी कसंबसं गिळलं. पण हात अर्धे राहिलेत आणि हे अर्धेपण पायांपेक्षा जास्त छळतं. खांदा हलतो, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. त्याच्या पुढची बोटं माझी नाहीतच.

मॅडमचं म्हणणं, बोटांत जीव नसला तरी पकड येऊ शकते. मनगट खाली टाकलं की बोटं उघडतात आणि वर उचललं की आतल्या दोऱ्या ताणल्या जाऊन ती आपोआप मिटतात. माझ्यासारखी माणसं याच युक्तीने ब्रश धरतात, घास उचलतात. शेजारच्या खाटेवरचा धम्मदीप माझ्यानंतर आला आणि आता पेला उचलून पाणी पितो. जेवायचा हात म्हणून मी सगळी मेहनत उजव्यावर करतोय, आणि मनगट उचललं की माझी बोटं सरळच्या सरळ, समोरच्याला थांब म्हटल्यासारखी. येईल, येईल, असं मॅडम म्हणतात. पण त्यांनाही काही कळेनासं झालंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

इथला नियम असा की जो स्वतः जेवतो, पाणी पितो, त्याला एकटं राहता येतं. बाकीच्यांसोबत घरचं माणूस हवंच. म्हणून आई खाटेशेजारी चटई टाकून राहते आणि मला दोन्ही वेळा भरवते. तिकडे गावी औंढ्याला आबा एकटे, शेजारची शकुबाई भाकरी टाकून देते म्हणून चाललंय. पट्ट्यात चमचा खोचला तर मी वरणभात खातो, पण पट्टा बांधायला दुसरं माणूस लागतं आणि चमच्याने भाकरी मोडत नाही. मी एकोणतीस वर्षांचा घोडा आहे, ताई. मला माझ्या हाताने जेवायचंय आणि आईला घरी पाठवायचंय. दुसरं काही मागणं नाही.

आई आता तेलाची वाटी घेऊन येईल. रोज जेवणं झाली की ती माझं मनगट मागे वाकवून एकेक बोट ताणून सरळ करते. दिवसभरात तेवढ्याच वेळी ती खूश असते, म्हणून मी गप्प पडून राहतो.

लोभ आहे हे ठाऊक आहे, तो पत्रातून दिसू दे.

तुझा,
आदिनाथ


कामशेत,
२६ जुलै २०२५

चि. आदिनाथ यास,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचायला मला दोन दिवस लागले. तुझं अक्षर आधीही काही मोत्यासारखं नव्हतं, आता तर कोंबड्यांनी अंगण उकरल्यासारखं आहे. तुझ्या दाजींनी पत्र उलटं धरून पाहिलं. हसू आलं आणि मग मी आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. तेही सांगून टाकते, कारण इथे आईचा कान नाही.

इकडे सगळं बरं. औंढ्याची भातलावणी झाली. आबांनी कैलासतात्यांची माणसं घेतली आणि स्वतः बांधावर उभं राहून सगळ्यांच्या चुका काढल्या, म्हणजे तब्येत उत्तम आहे. पण गड्या, ते वाळलेत. शकुबाईची भाकरी जाड असते म्हणून अर्धी टाकतात. हे आईला सांगू नकोस, ती भाकरी थापायला निघून येईल आणि तुझं वाटोळं होईल.

आता तुला चार शब्द सुनावते. आईला घरी पाठवायचंय, घरी पाठवायचंय, हे काय लावलंस? तिचं काही चुकतंय का? काल फोनवर किती अभिमानाने सांगत होती की पोराच्या उजव्या हाताची बोटं मी पैल्यासारखी सरळ ठेवलीत, बाकीच्या पोरांची बघ कशी वाकडी झाली. मी म्हटलं, शाब्बास. तिलाही कुणी शाब्बास म्हणायला नको का? तुझ्या नाकाच्या शेंड्यावर राग आधीपासूनच असतो. तो मॅडमवर काढ, त्यांना पगार मिळतो.

मनगटाचं जमेल रे. धीर धर असं म्हणणार होते, पण तू पत्र फाडशील. फाडता येत नसलं तरी फाडशील.

राग कमी आणि लोभ जास्त असू दे, एवढं सांगून थांबते.

तुझी,
अनिताताई


लोणावळा,
१० ऑगस्ट २०२५

ति. अनिताताईस,

सा. न. वि. वि. तू आईला शाब्बास म्हणालीस ना? आता हे वाच.

मंगळवारी व्यायामाच्या टेबलावर माझा नेहमीचा तमाशा चालू होता. उजव्या हाताने लाकडी ठोकळा उचलायचा होता. मनगट उचलतोय, बोटं ताठ, ठोकळा जागेवर. शेवटी मी वैतागून दोन्ही हात मागे ओढले. डाव्या हाताखाली मॅडमचा नॅपकिन पडला होता, तो हातासोबत वर आला. डाव्या हाताने तो धरला होता, ताई. ज्या हाताकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या हाताने. मॅडमनी मला तसंच थांबवलं, नॅपकिन ओढून पाहिला, तो सुटेना. मग ठोकळा दिला, तोही उचलला. मी वेड्यासारखा हसत होतो आणि मॅडम मात्र माझा उजवा हात उलटसुलट करून बघत होत्या. उजव्या हाताला रात्री काय करता, असं त्यांनी मला विचारलं.

माझ्या खाटेची डावी बाजू भिंतीला लागून आहे. आईचं स्टूल उजवीकडे. डाव्या हातापर्यंत तिचा हात नीट पोचत नाही, म्हणून त्याला ती वरवर तेल लावून सोडते. उजव्याला मात्र रोज मनगट मागे वाकवून बोटं ताणते. पकड यायची तर आतल्या दोऱ्या थोड्या आखडाव्या लागतात. डावा हात दुर्लक्षामुळे आखडला आणि कामाला लागला. उजव्याच्या दोऱ्या आईने महिनोन्‌महिने ताणून सैल करून ठेवल्या. मी दिवसभर जी बोटं मिटवायला झटत होतो, तीच ती संध्याकाळी मायेने उघडत होती. पहिल्या आठवड्यात आम्हा दोघांना हे सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी काहीच ऐकत नव्हतो.

मॅडमनी लगेच आईला समजावलं. आईने मान डोलावली. मॅडमची ड्युटी संपली, त्या गेल्या, आणि आईने तेल काढलं. तिचं म्हणणं, ती पोरगी शिकलेली हाय पन हात सरळ आसावा हे कुनी बी सांगंल. वर आता तिला माझा डावा हात बिघडत चाललेला दिसतोय. खाट भिंतीपासून सरकवून द्या म्हणून ती वॉर्डबॉयच्या मागे लागलीय. आता हा हातही ती सरळ करेल, ताई. माझ्याकडे एवढाच एक उरलाय.

मी तिला सांगू शकत नाही. तिचा चेहरा समोर असतो आणि घास तिच्या हातात असतो. तू ये आणि सांग. तुझं ती ऐकते.

पाया पडतो, लवकर ये.

तुझा,
आदिनाथ


कामशेत,
१९ ऑगस्ट २०२५

चि. आदिनाथ यास,

अ. उ. आ. रविवारी तुझ्यासमोर नुसती बसून राहिले आणि तू माझ्याकडे जे डोळे वटारून बघत होतास, ते मला अजून दिसतात. म्हणून आधीच सांगते, मी सांगायलाच आले होते. तिला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले, मोहरीच्या भाजीपासून शकुबाईच्या सुनेपर्यंत सगळं बोलले. मग तिने स्वतःहून विषय काढला. म्हणाली, अनिता, माज्या हातून दुसरं काय व्हतंय, तेवढी बोटं तरी राखते. यावर तू काय बोलला असतास? मी तिच्या केसांत अडकलेली काडी काढली आणि परत आले.

एसटीत स्वतःचा इतका राग आला की कंडक्टरशी उगाच भांडले. पण तुझाही राग येतो. हात तुझा आहे, तोंड तुझं आहे आणि तेवढं धडधाकट आहे. मला मध्ये घालून तू चांगला मुलगा राहणार आणि मी वाईट मुलगी होणार, असा तुझा बेत दिसतो. सांग तूच. गोड शब्दांत सांग. जमलं तर आमच्या इंद्रायणी तांदळाचा भात करून आणते, नाहीतर तसाच उपाशी बस.

जीव तुझ्यात अडकलेला आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
अनिताताई


लोणावळा,
१ सप्टेंबर २०२५

ति. अनिताताईस,

सा. न. वि. वि. सांगितलं. गोड शब्दांत नाही.

केंद्रात गणपती बसलाय. परवा आरतीनंतर सगळ्यांच्या खुर्च्या ओळीत लावल्या आणि मॅडम प्रसाद वाटत आल्या. माझ्यापुढे त्यांनी मोदकाची ताटली धरली, हातावर ठेवला नाही. मुद्दामच. मी डावं मनगट टाकलं, बोटं उघडली, उचललं, आणि मोदक माझ्या चिमटीत आला. धम्मदीप ओरडला. मी मोदक तोंडाकडे नेत होतो. तेवढ्यात आईने मागून येऊन तो काढून घेतला आणि माझ्या उजव्या तळहातावर ठेवला. देवाचं हाय, डाव्या हातानं घेऊ न्हाई, असं म्हणाली. उजव्या हातावरून मोदक घरंगळला आणि खाली पडला.

मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. हा हात तू मारलास, असं म्हणालो. एवढं एक लिहितो, बाकीचं त्याच जातीचं होतं. सगळा वॉर्ड ऐकत होता. आईने पडलेला मोदक उचलला, पदराने फरशी पुसली आणि बाहेर गेली.

आता ती मला भरवते, पाणी पाजते, कूस बदलून देते, पण माझ्या हातांना शिवत नाही. घास भरवताना माझा हात मध्ये आला तर कोपराने बाजूला करते. दोन्ही हात माझ्या मांडीवर कुणी विसरून गेल्यासारखे पडलेले असतात. मॅडम खूश आहेत, घरी जाण्याआधी उजवी बोटं मिटवून रात्रीपुरती पट्टी बांधतात. काही महिन्यांनी थोडा फरक पडेल, कदाचित पडणारही नाही. डावा मात्र रोज पुढे जातोय. मला हवं होतं तेच झालं, ताई, आणि मला घास गिळवत नाही.

रागावली असशील तरी पत्र टाक.

तुझा,
आदिनाथ


लोणावळा,
१४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अनिता हिस,

आईचे अनेक आशीर्वाद.

(आई सांगते आहे, मी लिहितो आहे. एक अक्षर बदलायचं नाही अशी तंबी आहे. आदिनाथ.)

पोरी, तुजा भाऊ मला चार मान्सांत बोलला ते त्यानंच तुला लिव्हलं आसंल. आता माजं बी त्यालाच लिवू दे, तेवढाच त्याचा हात चालंल.

मी त्याचा हात बिघडवला म्हंत्यात. बिघडवला आसंल. पन मला कुनी इचारलं न्हाई की बाई, तू आसं का करतीस. तुजा आजा, माजा बा, लकव्यानं पडला व्हता. तुजा जनम बी झाला नव्हता. त्याची मूठ वळली ती वळलीच. नखं तळव्यात रुतली, वास याया लागला, उघडाया ग्येलं की गुरावानी वरडायचा. आमी समद्या शेतात, त्याच्या हाताकडं बघाया कुनाला येळ न्हाई. तवापासनं मिटल्याली मूठ मला बघवत न्हाई. म्हून मी ह्येची बोटं सरळ करीत व्हते. ह्ये मॅडमला सांगितलं तवा ती म्हनली थोडी मिटल्याली बरी, तळवा ती सोता रोज बघंल, नखं ती कापंल, माज्या बावानी न्हाई व्हनार. बरं. आता मी हात लावीत न्हाई. तेलाची बाटली तुज्या आबांसंगं घरी धाडली.

पन डाव्या हातानं जेवायचं मला पटत न्हाई, आनि पटनार न्हाई. त्या हातानं मानूस काय करतं ते सांगाया नगं. उद्या भावकीत बसला तर लोक काय म्हनतील, रतनबाईनं पोराला रीत शिकवली न्हाई. मी हाय तवर भरवीन की. माजं हात अजून धड हाईत. त्याला माजी लाज वाटती का, ते तू त्यालाच इचार.

(नाही वाटत. हे माझं आहे. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, माज्या पत्रात तू बोलू नगंस, खोड. मी खोडणार नाही.)

नातवंडांना पापा. जीव लावून ऱ्हा, आजून काय सांगू.

तुजी आई


कामशेत,
२३ सप्टेंबर २०२५

ति. आईस सा. न., चि. आदिनाथ यास आशीर्वाद. आदिनाथ, हे मोठ्याने वाच आणि मधले शब्द गाळू नकोस.

आई, आजोबांच्या हाताचं तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी त्या रविवारी काडी काढत बसले नसते. आदिनाथ, आईची माफी माग. मागितली असशील तर परत माग, पहिली वेळ तू नक्की तोंड वाकडं करून मागितली असणार.

डाव्या-उजव्याचा निवाडा मात्र माझ्याकडे मागू नका. मी दोघांवरही वैतागले आहे. माझ्या सासूबाईंना विचारलं तर त्या आईच्या बाजूने, दाजींना विचारलं तर ते तुझ्या बाजूने, आणि आमच्याच घरात दोन दिवस अबोला झाला. दिवाळीला औंढ्याला येताय ना? भाऊबीजेला मी येतेच. तोवर एकमेकांचे जीव घेऊ नका.

दोघांवर सारखाच लोभ असलेली,
अनिता


लोणावळा,
१२ नोव्हेंबर २०२५

ति. अनिताताईस,

सा. न. वि. वि. मी केंद्रात एकटा आहे. आई औंढ्यालाच राहिली. कशी राहिली ते सांगतो.

दिवाळीत काय झालं ते भाऊबीजेला तू पाहिलंसच. भावकी आली की आई माझी खुर्ची आतल्या खोलीत ढकलायची, पडदा ओढायची आणि भरवायची. माफी मागून झाली होती, त्यामुळे मला भांडायलाही तोंड राहिलं नव्हतं. इथे परत आल्यावर ती चहाला किंवा कपडे धुवायला गेली की मी डाव्या हाताने बिस्किटं, पोळीचे तुकडे, पाण्याचा पेला उचलायचो. ती आली की बंद. तिलाही कळत होतं, चादरीवरचा चुरा तीच झाडायची. धम्मदीप म्हणायचा, तुम्ही मायलेक म्हणजे चोर-पोलीस.

परवा रविवारी भातकापणीसाठी मला घरी नेलं. मी काय कापणार, बांधावर खुर्चीत बसून आबांसारख्या चुका काढल्या. दुपारी अंगणात पंगत बसली. गडीमाणसं, कैलासतात्या, त्यांची पोरं, सगळे. आता आई मला आत ढकलणार म्हणून मी दात आवळून बसलो होतो. तिने माझी खुर्ची पंगतीच्या टोकाला नेली, खुर्चीच्या हातांवर आडवा पाट ठेवला आणि समोर ताट आणून ठेवलं.

मला वाटलं, गडबडीत चुकली. वांग्याच्या भाजीची वाटी डावीकडे होती, भाकरी डावीकडे, आणि ठेचा नि मीठ उजवीकडे. बाकी सगळ्यांची ताटं रीतीप्रमाणे. कैलासतात्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, तुला माहीत आहे. ताट उलटं का वाढलं, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. आई म्हणाली की त्याचं ताट बराबर हाय, तुमी तुमचं बघा. मग तात्यांनी खरंच आपलं बघितलं.

मी उजव्या मनगटाने भाकरी दाबून धरली, डाव्या चिमटीत तिची कड पकडली आणि ओढली. पहिला तुकडा मांडीवर पडला. दुसरा भाजीत बुडाला तो वर आलाच नाही. तिसरा तोंडात गेला. चवीचं विचारू नकोस, घामच जास्त होता. शर्टावर भाजी, पाटावर भाजी. पंगत उठली, लोक हात धुऊन खळ्याकडे गेले, आणि माझी अर्धी भाकरी तशीच. मनगट दमून वर येईना, बोटं मिटेनात. इतका संताप आला की ताट ढकलून द्यावंसं वाटलं. अंगणात आता कुणीच नव्हतं. मी आईला म्हणालो, बास, उरलेलं तू भरव.

ती समोर उकिडवी बसली होती. ताई, मला वाटलं ती पुढे होईल. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, न्हाई. मला काय घाई न्हाई, मी बसते, तू खा सावकाश.

मग मी खाल्लं. भाजी गार झाली होती.

आई घरी, मी इथे, म्हणून आता दोन्हीकडे पत्र टाकत जा. तिचं आबा वाचून दाखवतील.

तुझा लोभ धरून असलेला,
आदिनाथ